परतलेल्या मुलांची शाळा

गुढीपाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी थंडावतात आणि बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ओस पडलेल्या वस्त्या पुन्हा माणसांनी भरू लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे परततात. त्यांच्याबरोबर मुलेही परततात. शाळेच्या हजेरीपटावर या मुलांची नावे असतात, परंतु नावापुढे पाच-सहा महिन्यांच्या चौकटी रिकाम्या असतात. दुसरे सत्र जवळजवळ सरलेले असते आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. मूल ज्या वर्गात पाऊल ठेवते तो वर्ग त्याला अनोळखी वाटतो, आणि वर्गालाही ते मूल काहीसे परके झालेले असते.

ऊसतोडणी हे याचे ठळक उदाहरण असले तरी एकमेव नव्हे. वीटभट्टी, बांधकाम, हॉटेलातील किंवा गॅरेजमधील मजुरी, घरातले दीर्घ आजारपण, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी, मुलींच्या बाबतीत लवकर ठरणारे लग्न अशा अनेक कारणांनी मुलांची शाळा सुटते. अशा मुलांना शोधून शाळेत आणण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करण्यात आले होते. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशोत्सव होतात, नव्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते. त्या फुलांनंतरच्या दिवसांची चर्चा मात्र फारशी होत नाही.

वस्तुतः खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरलेले मूल दुसऱ्यांदा गळते, तेव्हा 'शाळा आपल्यासाठी नाही' अशी त्याची आणि त्याच्या आईवडिलांची जवळजवळ खात्रीच होऊन बसते. तिसऱ्यांदा त्याला परत आणणे अतिशय अवघड असते. ही दुसरी गळती रोखणे फार मोठ्या प्रमाणात एकाच व्यक्तीच्या हाती असते, ती म्हणजे त्या मुलाचा वर्गशिक्षक.

कायद्यातील तरतूद

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याला मूर्त रूप देणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याचे चौथे कलम परतणाऱ्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सहा वर्षांवरील जे मूल कधी शाळेत गेले नाही किंवा ज्याचे प्राथमिक शिक्षण अपुरे राहिले, त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यावा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे हे कलम सांगते. वयाची १४ वर्षे उलटून गेली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईस्तोवर ते मोफत मिळण्याचा त्याचा हक्क कायम राहतो.

वयानुरूप प्रवेशामागील विचार साधा आहे. अकरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवले, तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये ते लाजेने दबून जाते आणि बहुधा आठवडाभरात यायचे थांबते. समवयस्कांत बसवल्यास त्याची लाज राखली जाते. परंतु पाचवीचे पाठ्यपुस्तक त्याच्यासाठी भिंतीसारखे उभे राहते. ही भिंत ओलांडण्यासाठीच विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. त्याचा कालावधी किमान तीन महिने व कमाल दोन वर्षे ठेवण्यात आला आहे. प्रशिक्षण पूर्ण होऊन मूल नियमित वर्गात आल्यानंतरही अभ्यासाच्या आणि भावनिक दृष्टीने ते वर्गात मिसळून जावे यासाठी शिक्षकाने त्याच्याकडे विशेष लक्ष देत राहावे, असे केंद्राच्या नियमांत स्पष्टपणे नमूद आहे. 'भावनिक' हा शब्द सरकारी नियमांत क्वचितच आढळतो. येथे तो विचारपूर्वक आला आहे.

जुनी वाट

मुलाने शाळेत जुळवून घ्यावे, की शाळेनेही मुलाशी जुळवून घ्यावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून तेथे कुरणशाळेचा प्रयोग झाला. मुले शाळेपर्यंत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या कुरणात गेली. पुढे साखर कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा, स्थलांतरित कुटुंबांची मुले गावातच राहावीत यासाठीची हंगामी वसतिगृहे, १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने चालवलेली बसमधील शाळा, ठाण्यात तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये उभी राहिलेली सिग्नल शाळा हे सारे याच वाटेवरचे टप्पे आहेत.

तथापि, हे सर्व प्रयत्न मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतात. दाराच्या आत काय घडते, हा पुढचा प्रश्न.

पहिले पंधरा दिवस

अनुभवी शिक्षकांच्या मते परतलेल्या मुलाचे भवितव्य बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत ठरते. या काळात अभ्यासापेक्षा ओळख महत्त्वाची असते. मुलाचे नाव शिक्षकाने पहिल्याच दिवशी बिनचूक उच्चारणे, 'इतके दिवस कुठे होतास?' असा जाब न विचारणे, शेवटच्या बाकावर न बसवणे, शाळेजवळ किंवा त्याच्याच वस्तीत राहणाऱ्या एखाद्या समजूतदार मुलाला त्याचा सोबती नेमणे, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी आहेत. परंतु त्यातूनच मुलाला 'येथे माझी जागा आहे' असा विश्वास मिळतो.

या काळात काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्या लागतात. सर्वांसमोर उभे करून वाचायला लावणे ही त्यांतील पहिली. अडखळत वाचणाऱ्या मोठ्या मुलाला वर्ग हसला, तर तो क्षण मूल विसरत नाही. वाचन ऐकायचेच असेल तर ते मधल्या सुट्टीत, टेबलाजवळ, हळू आवाजात ऐकावे. दुसरी गोष्ट म्हणजे 'ऊसतोड्याचा', 'भट्टीवरचा' किंवा 'ढ' असे शिक्के. ते बहुधा मुलेच मारतात, पण शिक्षक ऐकून न ऐकल्यासारखे करतो तेव्हा ते पक्के होतात. कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, याची आठवण येथे ठेवायला हवी.

गणवेश, वह्या, दप्तर हीदेखील प्रवेशाचीच अदृश्य फी असते. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाच्या वाट्याला पुस्तकांचा संच उरलेला नसतो. वर्षअखेरीस वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांकडून जुनी पुस्तके मागून कपाटात काही संच राखून ठेवण्याचा साधा उपाय शिक्षकांना करता येतो. रिकाम्या हाताने बसलेल्या मुलाला वर्गात सामील करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पातळी ओळखून शिकवणे

परतलेले मूल नेमके कोठे आहे हे कळल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही, आणि वर्गाचे इयत्तेचे नाव हे सांगू शकत नाही. यासाठी लांबलचक चाचणीची गरज नसते. २००५ पासून 'असर' अहवालांमुळे परिचित झालेली पद्धत शिक्षकाला सहज वापरता येते. मुलापुढे एक कागद ठेवायचा. ते गोष्ट वाचू शकते का, नसेल तर छोटा परिच्छेद, नसेल तर सुटे शब्द, नसेल तर अक्षरे, असे पाहत जायचे. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी व भागाकार असा क्रम असतो. दहा मिनिटांत मुलाची खरी पातळी समजते.

यानंतर इयत्तेनुसार नव्हे, तर पातळीनुसार गट करून रोज काही वेळ शिकवणे हा 'प्रथम' संस्थेने रुजवलेला मार्ग आहे. मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत या संस्थेने बालसखी उपक्रम चालवला होता. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळे घेऊन वाचन व गणिताचा पाया पक्का करून घेत असे. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या उपक्रमाचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा झाली आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र कमी सांगितला जातो: उपक्रम संपून वर्ष लोटल्यावर हा लाभ बराच ओसरला होता. तात्पर्य असे, की विशेष प्रशिक्षणाने मूल उभे राहते, पण ते चालत राहावे यासाठी नियमित वर्गातील आधार पुढेही सुरू ठेवावा लागतो.

साहित्याची निवड हा आणखी एक नाजूक मुद्दा. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीचे चिमणी-कावळ्याचे पुस्तक देणे म्हणजे त्याला पुन्हा पहिलीत बसवणेच होय. त्याला सोपे शब्द हवे असतात, बालिश विषय नव्हे. बसची पाटी, बाजारातील भावफलक, क्रिकेटच्या बातमीचे मथळे, स्वतः सांगितलेली आणि शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली त्याच्याच प्रवासाची हकिकत यांतून वाचन शिकवता येते. आपले बोलणे अक्षरांत उतरलेले पाहणे हा मुलासाठी मोठा अनुभव असतो.

मूल काय घेऊन येते?

परतलेल्या मुलाकडे 'काय नाही' याची यादी सर्वांकडे असते. 'काय आहे' याची नसते. ऊसतोडीच्या फडावर राहिलेल्या मुलाला मोळ्यांचा हिशेब ठाऊक असतो, धाकट्या भावंडांचे सारे करता येते, अनेकदा कन्नडसारखी दुसरी भाषा कानावरून गेलेली असते. भाजीच्या गाडीवर बसलेले मूल पावशेर, अर्धा किलोचे भाव क्षणात सांगते. तेच मूल वहीतील गुणाकारापुढे मात्र गप्प होते.

या विसंगतीचा अभ्यास ब्राझीलमध्ये झाला आहे. रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना संशोधकांनी प्रथम गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर त्याच स्वरूपाची गणिते शाब्दिक उदाहरणे म्हणून दिली तेव्हा हे प्रमाण ७४ टक्के झाले, आणि निव्वळ आकडेमोड म्हणून दिली तेव्हा ३७ टक्क्यांवर उतरले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान असला तरी त्याचा बोध मोठा आहे. ज्याला आपण गणित येत नाही म्हणतो, त्याला बहुधा आपल्या गणिताची लिपी येत नसते. तोंडी हिशेबापासून आरंभ करून तोच हिशेब हळूहळू कागदावर उतरवून दाखवणारा शिक्षक हे अंतर कमी करतो.

घरच्या भाषेचेही असेच आहे. कोरकू, पावरी, वारली, गोंडी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही बऱ्याच अंशी नवी भाषा असते. दीर्घ खंडानंतर ती पुन्हा दुरावते. 'अशुद्ध बोलू नकोस' म्हणून तोंड बंद करण्यापेक्षा 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे विचारून दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणारा शिक्षक मुलाला बोलते ठेवतो. जे मूल बोलते, ते सहसा गळत नाही.

हजेरीपटाची भाषा

सलग महिनाभराहून अधिक काळ गैरहजर असलेले मूल महाराष्ट्रात शाळाबाह्य समजले जाते. परंतु गळतीची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. दर सोमवारी गैरहजर राहणे, मधल्या सुट्टीत जेवून परत न येणे, गृहपाठाच्या तासालाच पोट दुखणे, बाजाराच्या दिवशी न दिसणे या खुणा हजेरीपटात स्पष्ट उमटतात. सलग तिसऱ्या दिवशी मूल आले नाही, की त्याच संध्याकाळी घरी निरोप धाडायचा, असा नेम काही शिक्षक पाळतात. त्या निरोपात तक्रार नसावी, विचारपूस असावी.

पालकांशी संवाद हा यातील सर्वांत कठीण भाग. शिक्षक घरी येतो तो बोल लावायला, अशी अनेक घरांची समजूत असते. म्हणून पहिली भेट चांगले काही सांगण्यासाठीच असावी. 'तुमच्या मुलीने काल पहिला पूर्ण धडा वाचला,' हे वाक्य ज्या घराने कधी ऐकलेले नसते, ते घर पुढच्या हंगामात मुलीला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याचा निदान विचार तरी करते. कुटुंब जाणारच असेल, तर मुलाला कोठपर्यंत काय येते याची नोंद असलेले शिक्षण हमी पत्रक सोबत देणे आणि जेथे ते जाणार तेथील शाळेशी संपर्क साधणे हेही शिक्षकाचेच काम ठरते. राज्यात 'बालरक्षक' म्हणून स्वेच्छेने पुढे आलेल्या शिक्षकांनी हेच सूत्र धरले आहे.

परीक्षेचा पेच

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प यांना स्थान मिळाल्याने परतलेल्या मुलाची प्रगती त्याच्या स्वतःच्या मागील पातळीशी ताडून पाहणे शिक्षकाला शक्य झाले. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये आपल्या नियमांत त्यानुसार बदल केला.

याविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जाते. परीक्षेविना शिकण्याकडे दुर्लक्ष होते, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. परंतु चौथीचे अर्धे वर्ष फडावर घालवून पाचवीत आलेल्या मुलासाठी ही परीक्षा पहिल्याच वळणावर उभी असते. तेथे ठेच लागली तर वयानुरूप प्रवेशाचा हेतूच संपतो. त्यामुळे अशा मुलांची पुनर्परीक्षेपूर्वीची जादा तयारी ही उपचार न राहता प्रत्यक्ष शिकवणी व्हावी, ही जबाबदारी आता अधिक वाढली आहे.

शिक्षकांच्या मर्यादा

हे सारे एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होणे योग्य नाही. कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक असावा. छोट्या गावांत दोनशिक्षकी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. शहरांतील गजबजलेल्या वस्त्यांत पट फुगलेला असतो. जनगणना, निवडणुका व आपत्ती निवारण एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात असे २७ वे कलम सांगते. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यातच तासन् तास जात असल्याची शिक्षकांची तक्रार आहे. ज्या शिक्षकाला स्वतःलाच उसंत नाही, त्याच्याकडून एका मुलासाठी दहा मिनिटे मागणे सोपे नसते.

शिवाय काही दुखणी शिक्षकाच्या आवाक्याबाहेरची असतात. मजुरीच्या ठिकाणी मारहाण झालेले, घरात हिंसा पाहिलेले किंवा निरीक्षणगृहातून परतलेले मूल वर्गात अचानक चिडते किंवा दिवसभर झोपते. अशा वेळी त्याला शिस्तीचा प्रश्न न समजता समुपदेशकाकडे नेणे आवश्यक असते. पण बहुसंख्य शाळांत समुपदेशक नाहीत. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर खंड पडलेली मुले अपवाद न राहता साऱ्या वर्गाचीच ती स्थिती झाली. त्यावेळी राज्याने २०२१ मध्ये दुसरी ते दहावीच्या इयत्तांसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आखला. खंडानंतर पाया तपासूनच पुढे जावे, हे तत्त्व सर्वांच्या मुलांसाठी मान्य झाले. ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलाला ते दरवर्षी हवे असते, एवढाच फरक.

शहरवासीयांसाठी

वाचकांपैकी अनेकांच्या इमारतीशेजारी नवी इमारत उभी राहत असेल. तेथील पत्र्याच्या खोल्यांसमोर दुपारी बारा वाजता खेळणारी मुले शाळेच्या वयाची असतात. त्यांच्या आईवडिलांना सांगण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणूनही नाकारू शकत नाही. आणि वर्ष सुरू होऊन काही महिने लोटले, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. ही माहिती घेऊन एखाद्या पालकासोबत जवळच्या महापालिका शाळेत जाण्यास अर्धा दिवस लागतो.

त्यानंतर मात्र काम शिक्षकाचे. महिनाभराने त्या मुलाला रस्त्यात पाहिले तर 'शाळेत घातले का?' एवढेच न विचारता 'आज बाईंनी काय शिकवले?' असे विचारून पाहावे. त्याने उत्तर दिले, तर समजावे की मूल खरोखरच परतले आहे.